टर्मिनलवरून पेनड्राइव्ह निघत नाही : ‘टार्गेट इज बिझी’ या अडचणीचे निवारण

लक्षणे

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क काढण्याची कमांड दिली की ‘टार्गेट इज बिझी’ असे उत्तर येते आणि डिस्क जागची हलत नाही. हे सर्वांत नेहमीचे लक्षण. काही वेळा कोणतीही चूक दाखवली जात नाही, परंतु कमांड दिल्यावर प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करण्याची खूण) परत येत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो आणि संगणक अडकला असे समजून माणूस डिस्क ओढून काढतो. तिसरे लक्षण उशिरा कळते : डिस्क व्यवस्थित काढली असे वाटते, पण दुसऱ्या संगणकावर ती लावली की शेवटची फाइल अर्धवट निघते किंवा तिचा आकार शून्य दिसतो, आणि कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदीत ‘व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड’ असे वाक्य सापडते. याशिवाय अनमाउंट, म्हणजे डिस्क प्रणालीपासून रीतसर सोडवणे, झाल्यानंतरही वीज बंद करण्याची कमांड ‘ड्राइव्ह इन यूज’ म्हणून नाकारली जाते, असाही एक प्रकार आहे.

अक्षरजुळणी आणि मांडणीचे काम करणाऱ्या एका कार्यालयातले संगणक मी सांभाळतो. तिथली यंत्रे उबुंटू आणि झुबुंटू या लिनक्स प्रणालींवर चालतात, आणि ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत दिवाळी अंकांचा मजकूर, चित्रे आणि जाहिराती दिवसभर पेनड्राइव्हवरून ये-जा करत असतात. त्यामुळे ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. डिस्क निघत नाही याचा अर्थ जवळजवळ नेहमी एवढाच असतो की कोणीतरी ती अजून वापरत आहे. तो कोण हे विचारण्याच्या कमांड प्रणालीतच आहेत, आणि ते न विचारता जोर लावला तरच नुकसान होते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जिथे स्पेलिंग चुकण्याचा संभव आहे तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. उदाहरणात वापरकर्त्याचे नाव ‘ऑफिस’ आणि पेनड्राइव्हचे नाव ‘अंक’ असे धरले आहे.

आधी स्वतःचे टर्मिनल पाहावे

ज्या टर्मिनलमधून आपण कमांड देत आहोत ते टर्मिनलच त्या पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उभे असेल तर डिस्क कधीही निघणार नाही. कोणतीही फाइल उघडी असण्याची गरज नाही; एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) एखाद्या फोल्डरमध्ये ‘आहे’ एवढी गोष्ट कर्नल वापर म्हणून मोजतो. त्यासाठी प्रथम

पीडब्ल्यूडी

ही कमांड द्यावी. उत्तरात ‘/मीडिया/ऑफिस/अंक’ किंवा त्याच्या आतला एखादा फोल्डर दिसला तर नुसते ‘सीडी’ टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे टर्मिनल आपल्या घरच्या फोल्डरमध्ये परत येते. टर्मिनलचे दुसरे टॅब आणि मागे झाकली गेलेली खिडकीही पाहावी. आमच्याकडच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक इथेच संपतात, आणि या तपासणीला पैसाही लागत नाही व वेळही लागत नाही.

याच वेळी पेनड्राइव्हवरून उघडलेली कागदपत्रे, चित्रे आणि पीडीएफ बंद करावीत. फाइल मॅनेजरची खिडकी बंद करणे म्हणजे फाइल बंद करणे नव्हे, हे नव्याने काम शिकणाऱ्याला मी दरवेळी सांगतो.

डिस्कचे नाव बरोबर आहे का

दुसरी तपासणी नावाची. पुढील कमांडची अक्षरे एल, एस, बी, एल, के अशी आहेत :

एलएसबीएलके -एफ

या कमांडने संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क, त्यांवरील पार्टिशन (डिस्कचे भाग), फाइलप्रणालीचा (फाइल साठवण्याच्या पद्धतीचा) प्रकार आणि प्रत्येक पार्टिशन कुठे माउंट केलेले, म्हणजे फोल्डर म्हणून जोडलेले आहे हे एका तक्त्यात दिसते. सकाळी ‘एसडीबी’ असलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला की दुपारी ‘एसडीसी’ होऊ शकतो, म्हणून कमांडच्या जुन्या यादीतून वर-बाणाने आणलेली ओळ तशीच चालवू नये. दुसरी चूक डिस्क आणि पार्टिशन यांची गल्लत करण्याची असते. ‘एसडीबी’ ही संपूर्ण डिस्क आणि ‘एसडीबी१’ हे तिच्यावरचे पहिले पार्टिशन. अनमाउंट पार्टिशन होते, वीज मात्र संपूर्ण डिस्कची बंद होते. एकाच डिस्कवर दोन पार्टिशन असतील आणि त्यांपैकी एकच अनमाउंट केले असेल, तर वीज बंद करण्याची कमांड नाकारली जाणे योग्यच आहे.

नाव पक्के झाले की मी ‘यूमाउंट’ऐवजी पुढील कमांड वापरतो, कारण फाइल मॅनेजर ज्या सेवेमार्फत डिस्क माउंट करतो त्याच ‘युडिस्क्स’ सेवेमार्फत ती काढली जाते आणि सामान्य वापरकर्त्याला सुडो (व्यवस्थापकाचे अधिकार देणारा शब्द) लावावे लागत नाही :

युडिस्क्ससीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसडीबी१

जुनी ‘यूमाउंट’ कमांड वापरायची असेल तर तिची अक्षरे यू, एम, ओ, यू, एन, टी अशी आहेत हे ध्यानात ठेवावे. ‘अनमाउंट’ शब्दातला पहिला एन तिच्यात नाही, आणि ‘कमांड नॉट फाउंड’ या उत्तराचे कारण पुष्कळदा तेवढेच असते.

लिहिणे अजून बाकी असेल तर थांबावे

प्रॉम्प्ट परत येत नाही या तक्रारीचे खरे कारण बहुधा इथे असते, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो.

लिनक्समध्ये फाइल कॉपी केली की ती लगेच पेनड्राइव्हवर उतरते असे नाही. मजकूर आधी संगणकाच्या मेमरीत साठवला जातो आणि नंतर सवडीने डिस्कवर लिहिला जातो. लिहायची बाकी असलेली ही पाने कर्नलच्या भाषेत ‘डर्टी’ म्हणवली जातात. नेहमीच्या मांडणीत कर्नल दर ५ सेकंदांनी जागा होऊन ३० सेकंदांहून जुनी झालेली पाने लिहायला घेतो, आणि अशी पाने उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साचू देतो. संगणकात ८ जीबी मेमरी असेल तर कॉपीची पट्टी शंभर टक्के दाखवत असतानाही एक जीबीच्या वर मजकूर अजून मेमरीतच असू शकतो. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी या वेगाने लिहीत असेल, तर १.२ जीबी उतरायला अडीच मिनिटे लागतात, आणि अनमाउंटची कमांड ती अडीच मिनिटे निमूट थांबून राहते. ती अडकलेली नसते. राहिलेले काम पुरे करत असते.

हे डोळ्यांनी पाहता येते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये पुढील कमांड द्यावी. तिच्यातले ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ हे दोनच शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात :

वॉच -एन १ ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो

पडद्यावर ‘डर्टी’ या शब्दापुढे किलोबाइटमध्ये एक मोठा आकडा दिसतो आणि तो दर सेकंदाला उतरत जातो. आकडा खाली येत आहे तोवर कंट्रोल आणि सी दाबू नये, संगणक बंद करू नये आणि डिस्कला हात लावू नये. संगणकात दुसरे कामही चालू असल्याने तो अगदी शून्यावर स्थिरावेलच असे नाही. काही शेकड्यांवर येऊन रेंगाळला की पेनड्राइव्हचा वाटा संपला असे मानायला हरकत नाही. केवळ त्या एका डिस्कचे लेखन पुरे करून घ्यायचे असेल तर

सिंक -एफ /मीडिया/ऑफिस/अंक

ही कमांड द्यावी; नुसते ‘सिंक’ दिल्यास संगणकाला जोडलेल्या सगळ्याच डिस्कचे लेखन पुरे होईपर्यंत थांबावे लागते.

फॅट३२ ही फाइलप्रणाली असलेले पेनड्राइव्ह या बाबतीत कमी त्रास देतात, कारण युडिस्क्स त्यांना ‘फ्लश’ या पर्यायासह माउंट करते आणि लिहिणे लवकर सुरू होते. एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असलेल्या डिस्कवर ही सवलत नसते. म्हणून ‘माझ्या जुन्या पेनड्राइव्हला कधी असे होत नव्हते’ ही तक्रार खरी असते, आणि तिचा अर्थ नवा पेनड्राइव्ह खराब आहे असा होत नाही.

एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ छापखान्यात पाठवताना आमच्या एका सहकाऱ्याने हीच अडीच मिनिटे वाट पाहिली नव्हती. फाइलचे नाव बरोबर, तारीख बरोबर, आणि छापखान्यात उघडल्यावर चित्राचा वरचा तिसरा भाग तेवढा आलेला. खाली सगळे करडे. मूळ फाइल आमच्याकडे होती म्हणून त्या दिवशी फक्त एक फेरी वाढली. तेव्हापासून आमच्याकडे प्रॉम्प्ट परत येईपर्यंत पेनड्राइव्हला हात न लावण्याचा नियम आहे.

कोण धरून बसले आहे ते विचारावे

इतके करूनही ‘बिझी’ हेच उत्तर येत असेल तर आता नाव विचारायचे. कमांडची अक्षरे एफ, यू, एस, ई, आर अशी आहेत :

सुडो फ्यूजर -व्हीएम /मीडिया/ऑफिस/अंक

सुडो इथे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेस दिसत नाहीत. उत्तरात चार रकाने येतात : वापरकर्ता, प्रोसेसचा क्रमांक, वापराचा प्रकार आणि प्रोग्रॅमचे नाव. पहिल्या ओळीत ‘रूट’, ‘कर्नल’, ‘माउंट’ असे शब्द दिसतात. ती ओळ नेहमीच असते आणि ती दोषी नव्हे. वाचायचे ते तिच्या खाली. तिसऱ्या रकान्यात टिंबांमध्ये एखादे अक्षर असते. सी म्हणजे प्रोसेस त्या फोल्डरमध्ये उभी आहे, लहान एफ म्हणजे फाइल उघडी आहे, मोठा एफ म्हणजे ती लिहिण्यासाठी उघडी आहे, ई म्हणजे प्रोग्रॅमच त्या डिस्कवरून चालू आहे आणि एम म्हणजे फाइल मेमरीत जोडून घेतलेली आहे. ‘बॅश’ (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्रॅम) याच्यापुढे सी दिसला तर कुठले तरी टर्मिनल विसरले आहे. ‘सोऑफिस.बिन’पुढे मोठा एफ दिसला तर लिबरऑफिसमध्ये पेनड्राइव्हवरचे कागदपत्र उघडे आहे आणि त्यात न जतन केलेला मजकूर असण्याचा संभव आहे. त्या खिडकीत जाऊन ते जतन करून बंद करणे हाच एक योग्य उपाय आहे. झुबुंटूच्या यंत्रांवर ‘टंबलरडी’ हे नाव पुष्कळदा दिसते. चित्रांची लघुरूपे तयार करणारी ती प्रोसेस आहे, शेकडो छायाचित्रे असलेला पेनड्राइव्ह लावला की ती बराच वेळ राबत असते, आणि ती बंद केल्याने कोणाचेही काम बुडत नाही.

प्रोग्रॅम खिडकीतून बंद होत नसेल तर ‘किल’ आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक द्यावा. नुसते ‘किल’ म्हणजे प्रोग्रॅमला आवरून बाहेर पडण्याची विनंती असते. दहा-पंधरा सेकंद वाट पाहावी, आणि त्यानंतरच ‘किल -९’ वापरावे, कारण त्यात प्रोग्रॅमला फाइल नीट मिटण्याची संधीच मिळत नाही.

‘फ्यूजर’लाच -के हा पर्याय जोडून सगळ्यांना एका फटक्यात बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मी देत नाही. -एम पर्यायासह दिलेला पत्ता प्रत्यक्षात माउंट केलेला नसेल, म्हणजे डिस्क आधीच निघाली असेल किंवा नाव चुकले असेल आणि तिथे नुसता रिकामा फोल्डर उरला असेल, तर तो फोल्डर ज्या फाइलप्रणालीवर आहे तिचे सर्व वापरकर्ते निवडले जातात, आणि ती बहुधा संगणकाची मुख्य डिस्क असते. एका चुकीच्या अक्षराने चालू असलेले सारे काम बंद पडते. हा पर्याय वापरायचाच असेल तर मोठ्या लिपीतला एम हा पर्यायही जोडावा. त्यामुळे पत्ता खरोखर माउंट केलेला नसल्यास कमांड काहीच न करता परत येते.

यादीत कोणीच नाही आणि तरीही बिझी

‘कर्नल माउंट’ या ओळीखाली काहीच नसेल तर डिस्क एखाद्या प्रोग्रॅमने नव्हे, कर्नलने स्वतः धरलेली असते. अशा वेळी ‘फाइंडएमएनटी’ या कमांडने डिस्कच्या आत दुसरे काही माउंट केलेले आहे का ते पाहावे. ‘एलओसेटअप -ए’ या कमांडने पेनड्राइव्हवरील एखादी आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची प्रत असलेली फाइल) डिस्कसारखी उघडलेली आहे का ते कळते; नवी प्रणाली बसवण्यासाठी आयएसओ तपासून पाहणाऱ्यांकडे हे हमखास आढळते. ‘स्वॉपऑन’ला दोन आडव्या रेघा आणि ‘शो’ हा शब्द जोडून दिल्यास त्या डिस्कवर स्वॉप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) चालू आहे का ते दिसते. यांतले जे सापडेल ते आतून बाहेर या क्रमाने बंद करावे.

डिस्क लक्स या लिनक्सच्या पद्धतीने कूटबद्ध (कुलूपबंद) केलेली असेल तर ‘एलएसबीएलके’च्या तक्त्यात पार्टिशनच्या खाली ‘क्रिप्ट’ प्रकारची आणखी एक ओळ असते. प्रथम ती आतली ओळ अनमाउंट करावी, मग ‘युडिस्क्ससीटीएल लॉक -बी /डेव्ह/एसडीबी१’ देऊन कुलूप लावावे, आणि त्यानंतरच वीज बंद करावी. हा मधला टप्पा राहिला की ‘ड्राइव्ह इन यूज’ हे उत्तर येते.

-एल हा पर्याय का टाळावा

शोधल्यास सर्वत्र ‘यूमाउंट -एल’ हा उपाय सापडतो आणि तो चालल्यासारखा दिसतो. त्यात फोल्डर नजरेआड होतो, पण ज्या प्रोसेसने फाइल धरली आहे ती धरूनच असते आणि लेखन मागे चालू राहू शकते. म्हणजे अडचण तशीच राहून तिचा इशारा मात्र नाहीसा होतो, आणि डिस्क केव्हा काढणे सुरक्षित आहे हे कळण्याचा साधा मार्ग उरत नाही. -एफ हा जबरदस्तीचा पर्याय मुख्यतः संपर्क तुटलेल्या नेटवर्क डिस्कसाठी आहे; पेनड्राइव्हच्या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही.

अनमाउंट झाल्यावर

बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी शेवटची कमांड संपूर्ण डिस्कच्या नावाने द्यावी :

युडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

त्यानंतर डिस्कचा दिवा विझतो आणि फिरण्याची घरघर थांबते. तबकड्या पूर्ण थांबेपर्यंत काही सेकंद डिस्क उचलू नये. संगणकात बसवलेल्या कार्ड रीडरसाठी मात्र ही कमांड देऊ नये, कारण त्यात कार्डाऐवजी रीडरच बंद होतो आणि पुढचे कार्ड घातल्यावर संगणकाला ते दिसत नाही. कॅमेऱ्याच्या कार्डासाठी अनमाउंट पुरेसे आहे.

विंडोज आणि मॅकवर

विंडोजवर कोणी अडवले हे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदीत सापडते; ‘कर्नल-पीएनपी’ या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद त्या प्रोसेसचे नाव आणि क्रमांक देते. ‘माउंटव्हॉल’ या कमांडला डिस्कचे अक्षर आणि /पी हा पर्याय दिल्यास व्हॉल्यूम अनमाउंट होतो, परंतु उघड्या फाइल न विचारता तोडल्या जातात, म्हणून आधी नोंद पाहावी. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच लागू असते. त्याने धोका कमी होतो, पण चालू असलेली कॉपी त्याने वाचत नाही.

मॅकवर ‘डिस्कयुटिल लिस्ट’ने नाव पाहून ‘डिस्कयुटिल इजेक्ट’ द्यावे. नकार मिळाल्यास पुष्कळदा त्या उत्तरातच अडवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक असतो. तिथे ‘एमडीएस’ने सुरू होणारे नाव आढळले तर स्पॉटलाइट डिस्कची सूची तयार करत आहे असे समजावे आणि तिला वेळ द्यावा.

डिस्कच आजारी असेल तर

‘किल -९’ देऊनही प्रोसेस जात नाही, आणि ‘पीएस’ या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत तिच्या स्थितीपुढे मोठा डी दिसतो, याचा अर्थ ती डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकली आहे. आता प्रश्न कमांडचा राहिलेला नसतो. ‘सुडो डीमेसेज’ ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड द्यावी. तिची अक्षरे डी, एम, ई, एस, जी अशी आहेत. शेवटच्या ओळींत ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रथम केबल बदलावी, मधला हब काढून डिस्क थेट संगणकाला लावावी आणि शक्यतो मागच्या बाजूचे पोर्ट वापरावे. सैल केबल हे स्वस्तातले आणि वारंवार आढळणारे कारण आहे.

नोंदीत फक्त ‘नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड’ एवढेच असेल तर आधी सर्व फाइलची प्रत दुसरीकडे काढावी, मग पार्टिशन अनमाउंट करून ‘एफएसके’ हे फाइलप्रणाली तपासून दुरुस्त करणारे साधन चालवावे. त्याची अक्षरे एफ, एस, सी, के अशी आहेत. माउंट केलेल्या पार्टिशनवर ते कधीही चालवू नये. एनटीएफएस डिस्क विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच दुरुस्त करावी.

नोंदीत ‘आय/ओ एरर’ वारंवार येत असेल, हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, डिस्कची क्षमता शून्य दाखवली जात असेल किंवा ती हाताला चटका बसेल इतकी तापत असेल, तर तिथेच थांबावे. संगणक रीतसर बंद करून डिस्क काढावी आणि पुन्हा लावून पाहू नये. ‘एफएसके’, फॉरमॅट किंवा फुकट मिळणारी पुनर्प्राप्तीची साधने त्या डिस्कवर चालवू नयेत, कारण प्रत्येक नव्या प्रयत्नात उरलेला मजकूर कमी होण्याचा धोका असतो. मजकूर एकुलता एक असेल तर ती डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. देताना डिस्कची क्षमता, फाइलप्रणालीचा प्रकार, शेवटची दिलेली कमांड आणि ‘डीमेसेज’च्या शेवटच्या तीस-चाळीस ओळी कागदावर छापून सोबत द्याव्यात, आणि कोणत्या फाइल सर्वांत आधी हव्या आहेत त्यांची नावे वर लिहावीत.